पार्वो: पिल्लाला दवाखान्यात ठेवू की घरी? (आणि मोठीचं काय करू?)

झिपरी:
मंडळी, डोकं चालत नाहीये म्हणून इथे लिहितेय, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

टिंब, म्हणजे आमचं नवं कुत्र्याचं पिल्लू, आमच्याकडे येऊन आज सहावा दिवस. वय साधारण दहा आठवडे, एक लस झालीये, कार्डावर स्टिकर आहे. परवा संध्याकाळी जेवला नाही, म्हटलं नवीन जागा आहे, रुसला असेल. काल सकाळी पिवळा फेस ओकला, दुपारपासून जुलाब, आणि रात्री तर शी नाहीच, नुसतं लाल पाणी. आणि तो वास! ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. आज दवाखान्यात टेस्ट केली, दहा मिनिटांत दुसरी रेघ उमटली, म्हणजे विषाणूची लागण आहे. पार्वो. (आमच्या मोठ्या कुत्रीचं नाव रेघ आहे, त्यामुळे लेक घाबरून म्हणाला रेघेला पण झालं का.)

डॉक्टर म्हणाले ॲडमिट करा. पण रात्री दहानंतर तिथे कोणी माणूस नसतो हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे रात्रभर ते एवढंसं पिल्लू पिंजऱ्यात एकटं, सलाइन लावलेलं. नवरा म्हणतोय घरीच ठेवू, इंजेक्शनांपुरतं नेऊ, निदान डोळ्यांसमोर राहील. मला दोन्हीची भीती वाटतेय. शिवाय रेघ सात वर्षांची आहे, लशी वेळच्या वेळी झाल्यात, शेवटचा बूस्टर दोन वर्षांपूर्वीचा, आणि हे दोघं सहा दिवस एकाच भांड्यातून पाणी प्यालेत. आणि सहा वर्षांच्या पोराला काही होतं का यातून? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज. चुकीचं केलं तर मग आयुष्यभर मनात राहील.

ढब्बू:
ॲडमिट. धागा नंतर वाचा.

उनाड:
ढब्बूला +१. मी 'आज रात्र बघू, सकाळी नेऊ' केलं होतं. सकाळी नेलं तेव्हा शीर सापडत नव्हती, इतकं पाणी कमी झालेलं अंगातलं. पुढचं लिहीत नाही. सहा वर्षं झाली, अजून ती रात्र आठवते.

खिडकीतली मनी:
मुलाची काळजी करू नका, कुत्र्यांचा पार्वो माणसांना होत नाही. माणसांचा एक पार्वो आहे, बी-१९ म्हणतात, त्याने मुलांचे गाल लाल होतात, पण तो वेगळा विषाणू आणि तो कुत्र्यांकडून येत नाही. मात्र माणूस हमालाचं काम उत्तम करतो. हात, चपला, पँटची खालची शिवण, सगळ्यावरून तो विषाणू फिरतो. त्यामुळे पोराला टिंबापासून लांब ठेवायचं ते पोरासाठी नाही, बाकीच्या कुत्र्यांसाठी.

रातकिडा:
मी व्हेट आहे. तुमचं पिल्लू मी पाहिलेलं नाही तेव्हा जे पाहताहेत त्यांचं ऐका, मी फक्त आत काय चाललंय ते सांगतो म्हणजे निर्णय घ्यायला सोपं जाईल.

हा विषाणू भराभर वाढणाऱ्या पेशी शोधतो. पिल्लाच्या अंगात अशा मुख्य जागा दोन: आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज. अस्तर सोलून निघतं, म्हणून रक्त. मगजात पांढऱ्या पेशी तयार होतात, त्या थांबतात. आता सोललेल्या आतड्यातून तिथलेच जंतू रक्तात उतरतात आणि त्यांना अडवायला शिपाई नाहीत. पिल्लू जातं ते बहुतेक वेळा पाणी, क्षार आणि साखर कमी पडून किंवा या जंतूंच्या विषबाधेने. ही लढाई पिल्लाचं शरीरच लढतं, आपण त्याला पाच-सहा दिवस तगवून धरायचं. उपचार म्हणजे एवढंच. आणि 'एवढंच' म्हणजे शिरेतून सलाइन, उलटी थांबवणारं औषध, अँटिबायोटिक, साखर आणि पोटॅशियमवर नजर.

आकडे हवे असतील तर: उपचारच नाही केले तर दहातली नऊच्या आसपास जातात. नीट उपचार मिळाले तर दहातली आठ-नऊ वाचतात. २०१७ साली कोलोरॅडोच्या विद्यापीठातला एक अभ्यास आला, ४० कुत्री, निम्मी ॲडमिट केलेली आणि निम्म्यांना बाह्यरुग्ण पद्धतीने, म्हणजे कातडीखाली सलाइन आणि इंजेक्शनं. ॲडमिट केलेली ९० टक्के वाचली, दुसऱ्या गटातली ८० टक्के. पण हा आकडा वाचून लगेच घरी पळू नका. त्या दुसऱ्या गटालाही सुरुवातीला शिरेतून सलाइन देऊन सावरून घेतलं होतं, आणि दिवसातून अनेकदा कोणीतरी जाणकार तपासत होतं. 'घरी ठेवलं' आणि 'घरी उपचार केले' यात फरक आहे.

झिपरी, दोन प्रश्न. पांढऱ्या पेशी किती आल्या? आणि दिवसा सलाइन देऊन सुई तशीच ठेवून रात्री घरी पाठवायला ते तयार आहेत का, हे विचारलंत का?

चष्मिष्ट:
एक शंका, लस दिल्यावर पण टेस्ट पॉझिटिव्ह येते ना? कशावरून खरा पार्वो?

रातकिडा:
येऊ शकते. जिवंत विषाणूची लस दिल्यावर काही दिवस शीतून थोडा विषाणू जातो आणि फिकी रेघ दिसू शकते. उलट अगदी सुरुवातीला केली तर आजार असूनही निगेटिव्ह येते. पण लाल पाणी, उलट्या आणि मलूल पिल्लू समोर असताना मी रेघेच्या फिकेपणावर वाद घालत बसणार नाही.

शेपूटवाली:
झिपरीताई, हे सलाइन वगैरे अघोरी आहे. आमच्याकडे एका पिल्लाला नुसता काढा देऊन बरं केलंय, दर तासाला चमचा चमचा. केमिकलने आतडी आणखी खराब होतात. मी कृती इथे लिहिते

(प्रतिसाद काढून टाकला आहे)

ढब्बू:
पाणी पोटात टिकत नाहीये तिथे काढा कुठून टिकणार? वर तोच उलटून श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया. ताई तुमचं एक पिल्लू वाचलं ते नशीब होतं, पद्धत नव्हे.

शेपूटवाली:
तुम्ही एवढे चिडता का? मी कृती काढलीये. माझा अनुभव सांगितला फक्त.

उनाड:
चिडत नाहीयेत ते, घाबरलेत. आम्ही सगळेच. तुम्ही थांबा धाग्यावर.

झिपरी:
सगळ्यांचे आभार, उत्तरं वाचत वाचतच दवाखान्यात गेलो. पांढऱ्या पेशी १४००. डॉक्टरांचा चेहरा बघून कळलं की कमी आहेत.

रातकिडा तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला आणि ते हो म्हणाले! आजपासून सकाळी नऊ ते रात्री नऊ तिथे, सलाइन पंपावर, आणि रात्री पुढच्या पायाला सुई तशीच बांधलेली, वर पट्टी, घरी. रात्री एकदा द्यायचं इंजेक्शन नवऱ्याला शिकवलंय. (त्याला स्वतःला टोचताना चक्कर येते. बघू.) वजन ३.२ किलो होतं आलं तेव्हा, आज २.७.

आता मला रात्रीचं सांगा. नक्की काय करायचं असतं?

गोधडी:
मी हे दोनदा केलंय, एकदा स्वतःच्या आणि एकदा बहिणीच्या पिल्लासाठी, म्हणून लांब लिहितेय.

खोली अशी निवडा जिथली फरशी पुसता येते आणि दार बंद होतं. न्हाणीघर सगळ्यात सोयीचं, पण पिल्लाला ऊब हवी. ताप असतो तसाच पुढे अंग गारही पडतं, म्हणून कोरडी जागा, खाली जुन्या चादरी, ज्या फेकून देणार आहात अशाच. चांगली चादर प्रेमाने घालू नका, तिसऱ्या दिवशी जाळाविशी वाटते. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला, म्हणजे नको असेल तर त्याला सरकता येईल.

दाराशी एक जोडी चपला आणि एक जुना गाऊन टांगून ठेवा. त्या खोलीत फक्त तेच घालून जायचं आणि बाहेर येताना तिथेच काढायचं. आत जाणारा माणूस एकच ठरवा. आधी रेघेचं सगळं उरकायचं, खाणं, फिरवणं, लाड, आणि मग शेवटी टिंबाकडे. उलट क्रम कधीच नाही.

वही ठेवा. वेळ, उलटी झाली का, शी कशी, किती वेळा, हिरड्यांचा रंग. तुम्हाला वाटेल लक्षात राहील, पहाटे चारला काही लक्षात राहत नाही. हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरा ठिपका दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. नाही झाला, किंवा हिरड्या पांढुरक्या, कान-पाय गार, हाक मारली तरी मान उचलत नाही, तर वहीत लिहीत बसू नका, डॉक्टरांना उठवा. त्यांचा रात्रीचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा. निपचित झाला तर निघता निघता हिरड्यांना थोडं साखरेचं पाणी चोळा, तोंडात ओतायचं नाही.

आणि मागचा भाग कोमट पाण्याने पुसून कोरडा करत राहा. हे कोणी सांगत नाही, पण तिथली कातडी सोलवटते आणि मग ते बिचारं शी करताना रडतं.

झोप मिळणार नाही. नवऱ्याशी पाळ्या लावायचा मोह होईल, पण आत जाणारा एकच हे लक्षात ठेवा, त्याला दिवसभराची दवाखान्याची ड्यूटी द्या.

साबणाचा फुगा:
माझं नावच बघा, सफाईवर मीच बोलणार :)

फिनाइल, सुगंधी फ्लोअर क्लीनर, हँड सॅनिटायझर, यातलं काहीही भरवशाचं नाही. पार्वोला चालतं ते साधं घरगुती ब्लीच, एक भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी. पण आधी घाण पूर्ण उचलून साबणाने धुऊन घ्यायचं, कारण घाणीवर ओतलं तर ब्लीच तिथेच वाया जातं. मग फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे. फडकं फिरवून लगेच कोरडं केलं तर नुसता वास येतो, काम होत नाही. द्रावण रोज ताजं. आणि कृपा करून ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनियावालं दुसरं क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. खिडकी उघडी, पिल्लू त्या वेळी बाहेरच्या टोपलीत.

चष्मिष्ट:
सॅनिटायझर का नाही? कोविडला तर चालत होतं. व्हायरस तो व्हायरस.

साबणाचा फुगा:
कोविडच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, ते साबणाने, अल्कोहोलने फाटतं. पार्वोला ते आवरणच नाही. कोट नाही म्हणून हा नाजूक असेल असं वाटतं, पण उलटं आहे, हा उघडाच हिंडणारा पैलवान आहे. घरात महिनोन्‌महिने, आणि बाहेर सावलीच्या ओलसर मातीत वर्षभरही टिकतो. हात साबणाने चोळून धुवायचेच, पण ते विषाणू वाहून जावा म्हणून.

ढब्बू:
उघडाच हिंडणारा पैलवान =)) हसून हसून पुरेवाट

पाचवा कोपरा:
अवांतर होईल पण राहवत नाही. आवरणवाल्याची दुसरी बाजू आमच्याकडे आहे. आमच्या भोपूला पाच महिन्यांचा असताना डिस्टेंपर झाला. तो विषाणू आवरणवाला, बाहेर काही तासांत मरतो, साध्या साबणानेही मरतो. पण तो हवेतून पसरतो, शिंकेतून, आणि एकदा आत शिरला की सोडत नाही.

सुरुवातीला डोळ्यांत चिकट घाण, नाक वाहतंय, आम्ही म्हटलं सर्दी. मग ताप, खोकला, मग बरा झाला. खरंच बरा झाला, आठवडाभर उड्या मारत होता. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी जबडा असा हलायला लागला जणू च्युइंगम खातोय, तोंडातून फेस. डॉक्टर म्हणाले मेंदूपर्यंत गेलाय. नाक आणि पायाचे तळवे चामड्यासारखे टणक झालेले, ते आम्ही पाहिलेच नव्हते. फिट्सच्या गोळ्या, पडून राहिला की दर काही तासांनी कूस बदलणं, डोळ्यांत थेंब, मांडीवर घेऊन खाणं. दोन जणांनी इंजेक्शन देऊन कायमचं झोपवा असा सल्ला दिला, आणि त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, पुष्कळ कुत्र्यांच्या बाबतीत तेच बरोबर असतं.

भोपू आता चार वर्षांचा आहे. मागचा डावा पाय झोपेतसुद्धा ठराविक लयीत झटके देतो, दातांवर खड्डे आहेत. पाहुणे विचारतात याला कोणतं गाणं ऐकू येतंय.

खिडकीतली मनी:
भोपूला माझ्याकडून एक पापा.

आणखी थोडं अवांतर, माणसांचा गोवर, गुरांची बुळकांडी आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर, हे तिन्ही एकाच घराण्यातले विषाणू. बुळकांडी २०११ साली जगातून संपली असं जाहीर झालं, देवीनंतर असा संपवलेला दुसराच रोग. आणि डिस्टेंपर फक्त कुत्र्यांचा नाही, १९९४ साली सेरेंगेटीत त्याने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ साली गीरच्या सिंहांतही तोच सापडला.

उनाड:
आमच्या आजोबांच्या तोंडी 'बुळकांडी होवो' ही शिवी होती. आज कळतंय केवढी जबरी शिवी होती ती.

रातकिडा:
अवांतर चालू द्या, पण डिस्टेंपरवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. पार्वोत बरं झाल्यावर साधारण दोन आठवडे विषाणू शीतून जातो. डिस्टेंपरमध्ये काही कुत्री महिनोन्‌महिने सोडत राहतात. तिथे 'बरा दिसतोय' यावर विसंबू नका, पीसीआर चाचणी करून मगच इतरांत मिसळू द्या.

झिपरी, रेघेबद्दल राहिलं. प्रौढ आहे, लसी पूर्ण आहेत, पार्वोची लस किमान तीन वर्षं टिकते. सहा दिवस एकत्र राहिली असेल तर आत्तापर्यंत तिच्या पोटात विषाणू गेलाही असेल, बहुतेक काही होणार नाही. पण दोन आठवडे तिला इतर पिल्लांत सोडू नका आणि सुस्त झाली तर दाखवा.

चष्मिष्ट:
मग टिंबाला लस असून कसा झाला? लसीवरचा विश्वास उडेल अशाने.

रातकिडा:
आईच्या पहिल्या दुधातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाला वाचवतात तशीच लसीलाही अडवतात, तिला कामच करू देत नाहीत. ती प्रत्येक पिल्लात वेगळ्या दिवशी संपतात, कोणात आठव्या आठवड्यात, कोणात पंधराव्या. आपल्याला तो दिवस माहीत नसतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन-चार आठवड्यांनी देत देत १६ आठवडे किंवा त्यापुढे शेवटचा डोस. सगळे डोस म्हणजे अंधारात मारलेले खडे, एक तरी लागावा म्हणून. मध्ये काही दिवस असे येतात की आईचं पुरत नाही आणि लशीचं लागू झालेलं नाही. टिंब नेमका त्या फटीत सापडला.

झिपरी:
दुसरी रात्र. पाच उलट्या, चार वेळा लाल पाणी. नवऱ्याने इंजेक्शन दिलं, चक्कर आली नाही, नंतर मात्र जिन्यात बसून राहिला अर्धा तास.

मी एक सांगितलं नव्हतं. आणला त्याच दिवशी मी त्याला खाली बागेत नेलं होतं, मातीत सोडलं होतं, फोटो काढायला. तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय.

गोधडी:
झिपरी, हिशोब करू या. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी जास्त. तुमच्याकडे येऊन चौथ्या दिवशी तो जेवायचा थांबला. म्हणजे बागेतून आला असेल किंवा तिथूनच घेऊन आला असेल, दोन्ही शक्य आहे आणि कधीच कळणार नाही. पण यातून एक काम निघतं: जिथून आणला त्यांना कळवलंत का? याची भावंडं कुठे आहेत?

झिपरी:
अरे देवा. नाही. लगेच फोन करते.

झिपरी:
केला. पाच भावंडं होती, तीन वेगवेगळ्या घरी गेलीत. सगळ्यांना कळवलं त्यांनी. त्यातलं एक कालपासून खात नाहीये, ते लोकही 'नवीन जागा' म्हणून थांबले होते. आत्ता निघालेत दवाखान्यात.

उनाड:
बघा. हा धागा वसूल झाला.

ढब्बू:
परदेशात पार्वोवर थेट औषध आलंय असं वाचलं होतं, कोणाला माहितीये?

रातकिडा:
अमेरिकेत २०२३ साली एका मोनोक्लोनल प्रतिपिंडाला सशर्त मान्यता मिळाली, शिरेतून एकच डोस, तो विषाणूला पेशीत शिरू देत नाही. लवकर दिलं तर उपयोग. पण तेही सलाइनसोबतच द्यायचं असतं, सलाइनऐवजी नाही.

झिपरी:
चौथा दिवस. काल रात्रीपासून उलटी नाही. शी अजून पातळच पण रंग तपकिरी, मी तपकिरी शीचा फोटो नवऱ्याला पाठवला आणि त्याने हार्ट टाकलं. पेशी ३१००. वजन २.६.

आता डॉक्टर म्हणतात थोडं थोडं खायला सुरू करा, काल तर नाकातून नळी घालून दिलं त्यांनी. आणि माझी आई म्हणतेय पोटाला विश्रांती हवी, दोन दिवस उपाशीच ठेव. कोणाचं ऐकू?

शेपूटवाली:
मी पण उपाशी ठेवा म्हणाले असते, पण आता गप्प बसते :)

रातकिडा:
आईचं म्हणणं चूक कसं म्हणू, आम्हाला कॉलेजात तेच शिकवलं होतं. पूर्वी उलट्या पूर्ण थांबेपर्यंत काही द्यायचे नाहीत. नंतर लक्षात आलं की आतड्याच्या पेशींना बरंचसं अन्न आतल्या बाजूने मिळतं, उपाशी ठेवलं की अस्तर भरायला जास्त वेळ लागतो. म्हणून आता लवकर आणि अगदी थोडं, चमचाभर, दर दोन-तीन तासांनी, पचायला हलकं, दवाखान्यातून दिलेलंच. भूक लागल्यावर तो वाटीभर मागेल, द्यायचं नाही. आणि एकदम परत उलट्या सुरू झाल्या, पोट दुखतंय असं वाटलं, तर लगेच दाखवा, जुलाबांनी कधी आतड्यात आतडं शिरतं, त्याला ऑपरेशनच लागतं.

पाचवा कोपरा:
जाता जाता, तो टिंब की ते टिंब? व्याकरणाने नपुंसकलिंगी आहे ना शब्द.

खिडकीतली मनी:
पिल्लूही नपुंसकलिंगीच. पण तपकिरी शीवर हार्ट आल्यावर 'ते' कोण म्हणेल?

ढब्बू:
आणि रेघेला टिंबापासून लांब ठेवायला लक्ष्मणरेघ. हलकेच घ्या.

निंबोणी:
मी पहिल्यांदाच लिहितेय. आमचं पिल्लू मागच्या महिन्यात गेलं, पार्वोनेच, दुसऱ्या दिवशी. ॲडमिट केलं होतं. सगळं केलं होतं. इथे सगळ्यांची बरी झालेली वाचून बरं वाटतंय आणि नाहीही. मला फक्त एवढं विचारायचंय, पुन्हा पिल्लू आणायचं असेल तर किती थांबायचं? घरात अजून त्याचं भांडं आहे.

उनाड:
निंबोणी, ॲडमिट करूनही जातात. दहातली आठ-नऊ वाचतात म्हणजे एक-दोन जातात, आणि ते कोणाचं तरी असतंच. तुम्ही उशीर केला नाहीत, मी केला होता. फरक आहे.

साबणाचा फुगा:
भांडं स्टीलचं असेल तर ब्लीचने धुऊन ठेवता येईल, टाकायलाच हवं असं नाही. फरशी, भिंतीचा खालचा भाग, पिंजरा, सगळं ब्लीच चालतं. गादी, कापडी खेळणी, गालिचा जाऊ द्या. अंगणातल्या मातीला ब्लीच लागू पडत नाही, तिथे ऊन आणि वेळ.

रातकिडा:
आणि साधारण नियम असा, लस पूर्ण झालेलं मोठं कुत्रं घर नीट साफ केल्यावर आणता येतं. लसीकरण अर्धवट असलेलं पिल्लू मात्र शक्यतो वर्षभर नको, निदान १६ आठवड्यांचा डोस होऊन दोन आठवडे झाल्याशिवाय तरी नको.

निंबोणी:
धन्यवाद. मोठंच आणू बहुतेक. भांडं स्टीलचंच आहे.

गोधडी:
आणाल तेव्हा इथे सांगा. नाही आणलंत तरी सांगा.

चष्मिष्ट:
मांजरांना होतो का? आमच्याकडे दोन आहेत आणि शेजारच्या कुत्र्याला झालाय.

खिडकीतली मनी:
१९७८ च्या सुमारास कुत्र्यांचा हा पार्वो पहिल्यांदा जगभर पसरला, तो मांजरांच्या तशाच आजाराच्या विषाणूचा नातेवाईक. त्याचे आत्ताचे प्रकार मांजरांनाही लागू शकतात. मांजरांच्या नेहमीच्या लसीने बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. कार्ड काढून बघा आज, उद्या नको.

झिपरी:
अकरावा दिवस. उशीर झाला लिहायला, कारण मी नुसती झोपत होते.

टिंब सहाव्या दिवशी कायमचा घरी आला. पेशी ८०००. सुई काढली. पहिल्यांदा वाटीतलं संपवून वाटी चाटत खोलीभर ढकलत नेली, त्या आवाजाने रेघ दाराबाहेर भुंकली आणि तो आतून, आणि लेक मध्ये उभा राहून दोघांना 'शांत बसा' म्हणत होता. अजून वेगळाच आहे, अजून आठ-नऊ दिवस तरी. मग आंघोळ, कारण अंगावरच्या केसांतही विषाणू राहतो म्हणाले. रेघ ठणठणीत. भावंड पहिल्याच दिवशी गेल्यामुळे तीन दिवसांत बाहेर आलं.

आता माझ्याच प्रश्नाचं उत्तर, कोणी पुढे शोधत आलं तर. आम्ही अर्धं अर्धं केलं आणि आमचं निभावलं, पण मी ते 'घरी ठेवलं' म्हणून सांगणार नाही. दिवसाचे बारा तास शिरेतून सलाइन मिळालं म्हणून रात्रीचे बारा तास घरी काढता आले. रात्री माणूस असलेला दवाखाना जवळ असता तर मी तिथेच ठेवला असता, माझ्या डोळ्यांसमोर असण्याने त्याला काही मिळत नव्हतं, मलाच मिळत होतं. दुसऱ्या रात्री तीन वाजता हिरडी दाबली आणि गुलाबी व्हायला वेळ लागला, डॉक्टरांना उठवलं, त्यांनी फोनवर सांगितलं आणि निघालो. गोधडीताई, तुम्ही नंबर आधीच घ्या म्हणाला नसतात तर मी सकाळची वाट बघत बसले असते.

गोधडी:
अगं ताई नको, गोधडीच म्हण. त्या रात्रीचं लिहिलं का नाहीस तेव्हा?

झिपरी:
हात थरथरत होते. वहीत आहे. '३.०५, पांढरी, ५ सेकंद' एवढंच लिहिलंय, अक्षर माझं वाटत नाही.

ढब्बू:
वही जपून ठेव.

झिपरी:
कशी ठेवू? दुपारी दार उघडं राहिलं तेवढ्यात टिंबाने पहिली चार पानं खाल्ली. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले शीवर लक्ष ठेवा.